पडवळांची चौथी पिढी

“पडवळांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी कायदा मोडलेला नाही,” गाडीची किल्ली देताना ऋजुताच्या वडिलांनी बजावलं होतं. “एक जरी दंड झाला, तरी किल्ली परत.” चौथ्या पिढीने ही परंपरा अकरा किलोमीटर सांभाळली.

कराडच्या अलीकडे, उतारावर हवालदारांनी हात केला. साठची मर्यादा असताना तिची गाडी ब्याऐंशीने आली होती. “कोणाला फोनबिन लावायचाय का, ताई?” त्यांनी सवयीने विचारलं. “सगळे आधी मामाला लावतात.”

“मामा आहेत माझे. पण चूक मी केलीय. करा चलन.”

हवालदारांनी हातातल्या यंत्रात गाडीचा नंबर टाकला आणि चष्मा कपाळावर सरकवला. “आधीचीच तीन बाकी आहेत की. मार्च, एप्रिल, मे. सगळी याच उतारावरची.”

ऋजुताला लायसन्स मिळून आठच दिवस झाले होते.

दंडाचा मेसेज गाडीमालकाला, म्हणजे वडिलांना जाणार होता. त्याआधी आपणच सांगायचं, मग किल्ली गेली तरी चालेल, असं ठरवून तिने फोन लावला. “बाबा, गाडी जोरात चालवली म्हणून मला दंड झालाय. किल्ली संध्याकाळी परत देते. आणि आपल्या गाडीची आधीची तीन चलनं दिसतायत इथे.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“किल्ली असू दे तुझ्याकडे,” वडील दबक्या आवाजात म्हणाले. “फक्त आईने विचारलं, तर चारही तुझीच आहेत म्हण.”