जावळ

प्रणित बोलेल तेव्हाच जावळ उतरवीन, असा नवस शांती एकवीरा आईला बोलली होती. मुलगा सहा वर्षांचा झाला, वेणी कमरेला आली, शब्द फुटेना. पनवेलच्या केंद्रात अशाच मुलांच्या मेंदूवर संशोधन चाललं होतं. शांती त्याला तिथे घेऊन गेली, पण मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी केसांवर बसेना. “राहू दे, चाचणीला दुसरं मूल घेऊ,” संशोधक रुचिरा म्हणाली. शांती समोरच्या सलूनमधून पोराचं डोकं तुळतुळीत करून आली. टोपी बसली, पडद्यावर रेषा हलल्या. “मॅडम, यो आता कवा बोलंल?” शांतीने विचारलं. “ताई, हा उपचार नाही, अभ्यास आहे. पुढेमागे दुसऱ्या मुलांना उपयोग होईल.” “आन् माज्या पोराला?” रुचिरा टोपी पुसत राहिली. शांतीने पिशवीतून वेणी काढून पोराच्या डोक्यावर ठेवली. ती घसरली. पुन्हा ठेवून, तळव्याने दाबून धरत ती पुटपुटली, “आय, अजून उतरवलं नाय गो.”