निनावी पत्र

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधलं आपलं रिकामं टाउनहाऊस, मोटेलमध्ये दिवस काढणाऱ्या रोहिंग्या कुटुंबाला भाड्याने द्या म्हणून वल्लरी बाबांच्या हात धुऊन मागे लागली होती. शेवटी बाबा विरघळले. "ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणत नाही, त्यांना आपण तरी घर देऊ गं."

तिने लगेच जाऊन पडदेसुद्धा लावले. आणि शिफ्टिंगच्या आदल्या दिवशी तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनने परवानगीच नाकारली. 'असले लोक इथे नकोत' असं कुणीतरी निनावी पत्र पाठवलं होतं म्हणे.

"हे गोरे असेच," बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

वल्लरीने हट्टाने पत्राची कॉपी मागवली. इंग्लिशमध्ये टाइप केलेलं, खाली नाव नाही, सही नाही.

वर मधोमध मात्र पेनाने बारीकसं 'श्री' लिहिलेलं होतं, बाबांच्याच अक्षरात.