दम लागत नाही

"आता इकडे मुळीच दम लागत नाही," दाराआडून कलावतीनं नवऱ्याविषयी सांगितलं. आवाजात आनंद मावत नव्हता.

कल्याणहून आगगाडीनं आलेले वैद्यबुवा ओटीवर श्रीपादपंतांची नाडी धरून बसले होते. कलावती कानांत प्राण आणून उभी होती. नवरा बरा झालाय असं वैद्यबुवांनी म्हटलं, तर नऊ वर्षांच्या लेकीचं, उत्तराचं, लग्न लांबणार होतं. पोर आणखी एखादं वर्ष आईजवळ राहिली असती. नाहीतर बापाच्या डोळ्यांदेखत उरकून टाका, असं थोरल्या दिरांनी बजावलंच होतं.

"माडीचा जिना चढता?" वैद्यबुवांनी पंतांना विचारलं.

उत्तर आतून आलं, "बिछाना खालीच घातलाय."

"विहिरीचं पाणी?"

"मी काढते."

"देवपूजा?"

"भटजी येऊन करतात. इकडे काडीचंही काम पडू देत नाही मी!"

वैद्यबुवांनी नाडी सोडली. "पंत, तुळशीपर्यंत जाऊन या पाहू."

"काय हवंय? मी आणते ना!" कलावती रीतभात विसरून ओटीवर आली.

"तुम्ही नाही, बाई."

पंत गेले. अंगण ते केवढं! पण परत येताच त्यांनी खांबाला मिठी मारली. ओठ काळेनिळे पडले होते. कलावतीनं त्यांना धरून बसवलं. तिनं मायेनं एकेक काम काढून घेतलं होतं. दम लागावा असं काही उरलंच नव्हतं, म्हणून तो लागत नव्हता.

तरी ती हटेना. "ऊन लागलं असेल. रात्री अगदी शांत असतं. पहाटे मी उठते तेव्हा इकडे गाढ झोप लागलेली असते."

पंतांनी कसाबसा श्वास गोळा केला. "आडवं झालं की जीव घुसमटतो गं. रात्रभर भिंतीला टेकून बसतो. तुझी चाहूल लागली, की तेवढा आडवा होतो."

वैद्यबुवा खाली बघत म्हणाले, "जे करायचं ते लवकर करा."

"दादाला निरोप धाडतो," पंत म्हणाले.

उत्तरा परसात खेळत होती. तिला पोटाशी घट्ट धरावं असं कलावतीला फार वाटलं. तिनं तिला हाक मारून चुलीपुढे बसवलं आणि हातात फुंकणी दिली.

"खेळू दे ना गं, आई!"

"सासरी कुणी शिकवत नाही, बाळ," कलावती म्हणाली.