सॅम्पल फ्लॅट

आई सॅम्पल फ्लॅटच्या दारात उभी होती. ठेवणीतले कपडे, खांद्याला पर्स, चपला बाहेर काढून ठेवलेल्या.

मुलगी इथं गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायच्या कामाला होती. येऊ नकोस म्हणून तिनं आईला दहादा बजावलं होतं. ती एका नवराबायकोला खिडकीतून बाग दाखवत होती. बाग अजून व्हायची होती. मागे मॅनेजर उभा होता. नोकरी लागताना तिनं त्याला घराणं, पत्ता, सगळं भलतंच सांगितलं होतं. याच जागेवर त्यांची पत्र्याची खोली होती आणि वस्ती पाडल्यापासून मायलेकी शहराच्या पार टोकाला राहत होत्या, हे इथं कुणालाच माहीत नव्हतं.

"या ना मावशी," ती म्हणाली. "घर बघायचंय?"

आई क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हो ताई. म्हटलं, बघायला काय जातंय."

ती अनवाणीच आत आली. ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडला. पाणी आलं नाही.

"तो नुसता दाखवायचा आहे, मावशी."

"असू दे. आमच्या नळाचीही तीच तऱ्हा."

गिऱ्हाईक बाई वळली. "तुम्ही इथल्याच का? मग तुम्हीच सांगा. ही मंडळी काय, विकायलाच बसलीत. शेजारपाजार कसा आहे?"

मुलीनं हातातलं माहितीपत्रक घट्ट धरलं. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"माणसं लाखातली," आई म्हणाली. "पोर तापानं फणफणली तर शेजारचा टॅक्सीवाला भरलं ताट सारून दवाखान्यात नेतो. दाराला कडी लागत नाही कुणाच्या. पाण्यावरून भांडणं होतात, अगदी झिंज्या धरून. पण संध्याकाळी पुन्हा एकाच पायरीवर गप्पा. कुणाचं माणूस गेलं, तर त्या घरात चार दिवस चूल पेटू देत नाहीत. आजूबाजूचे जेवण आणतात."

सगळं ती 'आहे' म्हणूनच सांगत होती. 'होतं' हा शब्द एकदाही तिच्या तोंडून निघाला नाही.

बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "बघ. माझं हेच म्हणणं होतं. भिंती काय, कुठंही मिळतात."

नवराबायको सह्या करायला बाहेरच्या टेबलाशी गेले. आई निघाली. मुलीच्या जवळून जाताना तिनं ओठांतल्या ओठांत विचारलं, "डबा खाल्लास?"

"पुन्हा या हं, मावशी," मुलगी मोठ्यानं म्हणाली.

आईनं मान डोलावली आणि गेली.

मॅनेजर हात चोळत आला. "पंधरा दिवस घोळत होते, आज एका झटक्यात पटले! कोण होती गं ती बाई?"

"कुणास ठाऊक, सर."

"शोधून काढ. दर रविवारी इथं आणून बसवू. गिऱ्हाईक असं लोण्यासारखं विरघळतं. हातावर टेकवू काहीतरी, अशा बायका फार मागत नाहीत. कुठं राहते, काय करते, बघ जरा. निघेल ना ओळख?"

मुलीनं माहितीपत्रकाची दुमडलेली कडा नखानं सरळ केली.

"काढते, सर," ती म्हणाली.