स्वतःबद्दल एक पान

आई, अंजनाबाई, गेल्याचा निरोप दवाखान्यातून आला, तेव्हा गोपिका विद्यापीठाच्या अर्जासोबत द्यायचं स्वतःबद्दलचं एक पान लिहीत होती. तिला गणितात एम.एस्सी. करायचं होतं. पान अर्धंच राहिलं.

मुदतीच्या दिवशी शेजारचे मधुकर गुरुजी कागद घेऊन आले. “रुपराव, मीच मजकूर करून आणला. गरीब विणकराची मुलगी, आई नुकतीच वारली, दया करून प्रवेश द्यावा. वाचून साहेबाच्या डोळ्यात पाणी येते की नाही पाहा.”

गोपिकाच्या बापानं, रुपरावनं, कागद घडी घालून परत दिला. “गुरुजी, तिनं जन्मात कोणापुढं हात नाही जोडले. आता मेल्यावर तिच्या नावानं जोडू का?”

“ताठ्यानं जागा भेटते काय गा?”

“नाही भेटली तर नाही. लिही वं गोपिका. तुह्या मायले अक्षर येत नव्हतं, पण लुगड्याच्या काठाचे तीनशे धागे बोटानं मोजायची, एक चुकत नव्हता. तू तिच्याजवळ बसूनच मोजायले शिकली. गणित मले घरी भेटलं, आता पुढचं पाहिजे, असं लिही.”

गोपिकानं लिहिलं. गुरुजींनी दोनदा वाचलं. “आई गेल्याचं कुठंच नाही यात.”

“ते त्याइले काहून सांगायचं?” रुपराव म्हणाला.

दुपारी रुपराव स्वतः अर्ज देऊन आला आणि अंजनाबाईच्या हातमागावर बसला. धागे मोजताना तो दोनदा चुकला. लुगड्याचा अर्धा काठ अजून विणायचा होता.