पंधरा फुटी जाळी

"बारा नको, पंधरा फुटांची जाळी लावा. आणि तिला हिरवं कापड, अगदी वरपर्यंत."

टर्फवालीने कानामागची पेन्सिल काढून वहीतला आकडा खोडला. "साहेब, मुलगी बॅडमिंटन खेळणार आहे की तुम्ही वाघ पाळणार आहात?"

तो कसनुसा हसला. घरामागच्या अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरायला परकी माणसं पाच दिवस वावरणार, ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती. पण मुलगी दिवसभर खिडकीत बसून पलीकडच्या मैदानावरची पोरं बघायची आणि "मी कधी जाऊ?" म्हणून भंडावून सोडायची. तिला बाहेर सोडण्यापेक्षा मैदानच घरात आणलेलं बरं, असं त्याने ठरवलं.

त्याला भीती एकच होती. कुणीतरी येईल आणि पोरीला घेऊन जाईल. पहिली मुलगी तापाने गेली, तेव्हा बायको दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुन्हा तसं काही झालं तर ती वाचणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोही वाचला नसता. त्यामुळे तो डोळ्यांत तेल घालून राखण करायचा. अभ्यास घरी, खेळ घरी, फाटकाला दोन कुलपं. या वस्तीत येऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर शेजाऱ्यांनी त्याचं नाव फौजदार ठेवून टाकलं होतं.

पहिले दोन दिवस बरे गेले. टर्फवालीच्या दोन गड्यांनी अर्धा फूट माती काढली, खडी पसरली, वर बारीक कच टाकून मशीनने ठोकली. घरातल्या कपबशा दिवसभर खणखणत होत्या. बाई कामाची पक्की होती. चार वेळा माप घ्यायची आणि एकदाच कापायची. पण तिला प्रश्न फार पडत.

"मुलगी केवढी आहे? नेट त्या बेताने बांधते."

"नऊ वर्षांची," फौजदार म्हणाला.

"आठ," त्याच क्षणी बायको म्हणाली.

टर्फवालीने दोघांकडे बघितलं. "वाढदिवस म्हटला की सगळ्या बापांची अशीच फजिती होते," असं म्हणून ती हसली. वहीत मात्र तिने काहीच लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी गडी आले नाहीत. ती एकटीच गुडघ्यांवर बसून टर्फचे पट्टे जोडत होती. फौजदार चहा घेऊन गेला. चहा हे निमित्त, नजर ठेवायची होती.

"मोठ्या मैदानांची कामं नाही घेत तुम्ही?"

"नाही. घरामागची अंगणंच घेते. पाच वर्षं झाली."

"त्यात एवढं काय मिळतं?"

"मैदानावरची मुलं सगळ्यांनाच दिसतात, साहेब," ती कप खाली ठेवत म्हणाली. "अंगणातली कुणाला दिसतात?"

बोलता बोलता तिची नजर वरच्या खिडकीकडे गेली. तिथला पडदा किंचित हलला. फौजदाराने कप उचलला.

तो तडक वर गेला. "ही बाई टोळीतली आहे. घरं हेरत फिरते. आत्ताच्या आत्ता हाकलून देतो."

"अहो, हळू बोला." बायकोने दार लोटलं. "अर्धवट कामावरून हाकललंत तर गावभर बोंब मारेल, मग चार माणसं चौकशीला येतील. दोन दिवस जीव मुठीत धरून काढू. पोरीला मी इथून हलू देत नाही."

तिचंही खरं होतं. त्या रात्री त्याने फाटकाला तिसरं कुलूप घातलं.

शेवटच्या दिवशी दुपारी टर्फवाली वाळू पसरून ब्रशने झाडत होती. फौजदार पायरीवर बसून घड्याळ बघत होता. अजून अर्धा तास, मग ही बाई जाणार आणि तो पोटभर जेवणार. पाच दिवसांत घास नीट उतरला नव्हता.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. बायकोचा डोळा लागला असावा. मुलगी अनवाणीच त्याच्या शेजारून वाऱ्यासारखी गेली आणि थेट हिरवळीवर जाऊन थांबली.

"आत चल!" तो ओरडला.

मुलीने ऐकलंच नाही. ती गुडघे टेकून बसली, डोळे मिटले आणि तळहात टर्फवरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला. मग वाकून गाल टेकवला.

"गवताची लव घराकडे झोपलीय," ती म्हणाली. "म्हणजे उलट्या बाजूला झाडायचं. मग ती उभी राहते."

टर्फवालीचा ब्रश थांबला.

"हे तुला कुणी शिकवलं?" फौजदाराने विचारलं.

"आईने."

तिची आई वरच्या खोलीत झोपली होती आणि तिने आयुष्यात कधी टर्फला हात लावला नव्हता. मुलगीही स्वतःच्या उत्तराने गोंधळली. तिने वरच्या खिडकीकडे बघितलं, मग हळूहळू मान वळवून टर्फवालीकडे बघत राहिली.

टर्फवाली पुढे आली आणि मुलीच्या व त्याच्या मधोमध उभी राहिली.

फौजदार जागचा हलू शकला नाही. बागेतून उचलून आणली तेव्हा पोर जेमतेम तीन वर्षांची होती, आणि त्या वयातलं पुढे काही म्हणजे काही आठवत नसतं, असं तो गेली पाच वर्षं बायकोला छातीठोकपणे सांगत आला होता.