उपसायचा डबा

महाराष्ट्र झाला, मागोमाग पूर्णेवर पूल झाला आणि तुळशीराम भोयाची नाव पाटलांनी मातीमोल भावात घेतली. यंदा त्यांनी तिचं बूड दुरुस्त करायला त्यालाच खळ्यात बोलावलं. नाव पुन्हा तरंगणार या हौसेने त्याने राळेत भिजवलेला कापूस फटीफटीत ठोकला, डांबर फासलं, टोकाला कुंकू लावलं. पाटलांनी सगळं करू दिलं. “पान्यात कधी सोडाची, पाटील?” “पान्यात कायले? पानीच तिच्यात सोडाचं. बैलाईले हौद झाला!” गडी बादल्या ओतू लागले. नावेत पाणी शिरलं की माणसं किंचाळतात, हेच त्याने जन्मभर ऐकलेलं. इथं सगळे हसत होते. पाणी फळ्यांवर चढलं तसे त्याचे हात आपसूक चालले, नावेतला डबा उचलून तो भराभर उपसू लागला. “काऊन उपसतं बे? भर!” पाटील खेकसले. तुळशीरामने हातातला डबा पुन्हा नावेत ओतला.